संस्थानिकाचा मुलगा आणि घणसोलीची मुलगी: गोष्ट राजवाड्यात शिरली की खोटी का वाटते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नवी मुंबईतल्या घणसोली गावातली सायली ऐरोलीच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. तिचं रणवीरशी जमतं. हा एका जुन्या संस्थानाच्या गादीचा वारस आहे हे तिला अर्धी कादंबरी होईपर्यंत कळत नाही. पुढे राजवाडा, आईसाहेबांचा नकार, चुलत्याचा डाव आणि शेवटी वाजतगाजत लग्न. 40 हजार शब्द लिहून झालेत. मैत्रिणीने वाचून सांगितलं, "पहिला भाग एकदम आपल्यातला वाटतो, वाड्यात गेल्यावर सगळं सिरीयलसारखं होतं." म्हणून तुम्ही विचारताय की वाड्याचं वर्णन खरं कसं करायचं, त्यासाठी काय वाचायचं, आणि संस्थान खरं घ्यावं की काल्पनिक. शिवाय विषय फार वापरलेला आहे का, ही शंकाही आहेच.

शेवटची शंका आधी निकालात काढू. मी ठाण्याच्या नौपाड्यात राहते आणि लोकांच्या संहितांवर काम करणं हाच माझा धंदा आहे. राजघराण्यातला नायक आणि साध्या घरातली नायिका ही जोडी दिवाळी अंकांपासून मोबाइलवरच्या भागांपर्यंत कायम येत राहिली आहे. विषय जुना आहे, आणि वाचक त्यासाठीच येतो. नव्याची अपेक्षा त्याला तपशिलात असते.

वाड्याच्या वर्णनाने मात्र तुमचं काम होणार नाही. झुंबरं, तलवारी आणि वाघाची मुंडकी वाढवलीत तर सिरीयलपणाच वाढेल. तुम्ही दिलेला सारांश मी एकच गोष्ट शोधत वाचला: रणवीरने आईसाहेबांचं ऐकलं नाही, तर त्याचं नुकसान काय होणार आहे? मला काही सापडलं नाही. तो 29 वर्षांचा आहे, ठाण्यात नोकरी आहे, घोडबंदर रोडला फ्लॅट आहे, कायदा त्याच्या बाजूने आहे. मनात आणलं तर तो महिन्याभरात लग्न करून मोकळा होईल. मग 20 हजार शब्द तो थांबतो कशासाठी? आईसाहेब नाही म्हणतात म्हणून. आणि त्या नाही का म्हणतात? "घराण्याची इज्जत." हे कारण सगळ्याच कथांमध्ये असतं, म्हणून ते कुठल्याच कथेत पुरत नाही. वाडा खोटा वाटतो तो यामुळे. त्या वाड्याकडे रणवीरला अडवायला काही नाहीच.

सिंहासन खरोखर होतं तेव्हा ही गोष्ट लिहायला सोपी होती, कारण किंमत सगळ्यांना दिसायची. इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने डिसेंबर 1936 मध्ये वॉलिस सिम्पसन या घटस्फोटित अमेरिकन बाईसाठी राज्य सोडलं. तमिळ भागातल्या पुदुकोट्टई संस्थानच्या राजा मार्तंड भैरव तोंडैमान यांनी 1915 मध्ये मॉली फिंक या ऑस्ट्रेलियन तरुणीशी लग्न केलं. ब्रिटिश सरकारने तिला राणी म्हणून मान्यता दिली नाही, त्यांच्या मुलाला गादी मिळाली नाही, आणि राजाने उरलेलं आयुष्य परदेशात काढलं. जपानमध्ये तर नियमच आहे की राजकन्येने सामान्य माणसाशी लग्न केलं की तिचं राजेपण संपलं. राजकुमारी माको यांनी 2021 मध्ये तसं लग्न केलं आणि अशा वेळी मिळणारी मोठी रक्कमसुद्धा नाकारली.

तुमच्या रणवीरला या तिघांपेक्षा जवळचा आहे तो इंदूरचा दाखला. तिसरे तुकोजीराव होळकर यांना मुंबईतल्या मलबार हिलवर 1925 साली झालेल्या बावला या व्यापाऱ्याच्या खुनाच्या प्रकरणानंतर 1926 मध्ये गादी सोडावी लागली. त्यानंतर 1928 मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन मुलीशी लग्न केलं. म्हणजे लग्नाच्या वेळी गमवायला सिंहासन उरलंच नव्हतं. तरी ते लग्न साधं झालं नाही. नॅन्सीला आधी हिंदू करून घ्यावं लागलं, शर्मिष्ठा हे नाव द्यावं लागलं, आणि धनगर समाजात दत्तक घेऊन मगच तिला होळकरांची सून होता आलं. गादी गेली तरी समाज, सोयरीक आणि पंगत जागेवरच होती. 2020 नंतरच्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही राजपुत्राची परिस्थिती हीच आहे, आणि तुमची कादंबरी इथून सुरू व्हायला हवी.

कायद्याने काय गेलं आणि काय राहिलं याची आपल्या लेखकांमध्ये बरीच गल्लत होते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. दक्षिणेकडची बहुतेक लहान मराठी संस्थानं मार्च 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर 1 मार्च 1949 ला. बदल्यात संस्थानिकांना तनखे मिळाले. म्हैसूरच्या महाराजांना वर्षाला 26 लाख रुपये, तर सौराष्ट्रातल्या कटोडियाच्या संस्थानिकाला वर्षाला 192. दोघेही 'राजे'च. मग डिसेंबर 1971 मध्ये 26वी घटनादुरुस्ती झाली, तनखे बंद झाले आणि संस्थानिक म्हणून असलेली सरकारी मान्यताही गेली. जमिनी त्याआधीच कुळकायद्यात आणि 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्यात बऱ्याचशा गेल्या होत्या. आज रणवीरच्या आधार कार्डावर कोणी 'युवराज' छापून देणार नाही.

मग उरलं काय? एक, मान. देवीची पहिली ओटी, पालखीचा पहिला खांदा, दसऱ्याचं सोनं. कोल्हापूरच्या दसरा चौकात आजही छत्रपतींच्या हातून शमीपूजन होतं आणि मग लोक सोनं लुटतात. हा मान कुठल्याही घटनादुरुस्तीने गेलेला नाही, कारण तो सरकारने दिलेलाच नव्हता. दोन, दावे. संस्थानी मालमत्ता थोरल्या मुलाची एकट्याची की सगळ्या भावंडांची, यावर घराण्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कोर्टबाजी चालते. पंजाबातल्या फरीदकोटच्या महाराजांच्या मृत्युपत्राचा खटला 30 वर्षं चालला. मृत्युपत्र बनावट ठरलं आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुलींचा हक्क कायम झाला. तीन, नाव. त्यावर शाळा चालते, पतसंस्था चालते, निवडणूक लढवता येते, वाड्याचा एक भाग हॉटेलला देता येतो. आणि चार, सोयरीक. कोणाची मुलगी करायची आणि कोणाला द्यायची याची न लिहिलेली यादी.

रणवीर यातलं नेमकं काय गमावणार, हे तुम्ही एका वाक्यात लिहून काढा. चारही नको, एकच घ्या. मला विचाराल तर मान घ्या. दावे घेतलेत तर कादंबरी चुलत्याची होते, आणि चुलता तुमच्याकडे आधीच गरजेपेक्षा जास्त बोलतो.

मान गमावणं म्हणजे काय, हे राजवाड्यात दाखवायचं नाही. गावच्या चौकात दाखवायचं. सायली पहिल्यांदा दसऱ्याला तिकडे जाते असं धरा. ठाण्याच्या गाडीत जो माणूस तिच्यासाठी दारात पिशवी धरून उभा असतो, त्याच्या पायाशी इथे सत्तर वर्षांचे म्हातारे वाकताहेत. आपट्याची पानं देऊन लोक मागच्या पावली सरकताहेत. तो प्रत्येकाला नावाने विचारतोय, "गुडघा कसाय?" एका बाजूला घराण्यातल्या बायका, पदर डोक्यावर. दुसऱ्या बाजूला मानकरी, गुरव, सरपंच, फौजदार. बाकी गाव दोरीच्या पलीकडे. सायलीच्या हातात चार पानं आहेत आणि तिला कळत नाही, आपण उभं कुठे राहायचं. बायकांच्या बाजूला जावं तर कोणत्या नात्याने? दोरीच्या पलीकडे जावं तर तो दिसणारही नाही. शेवटी एक नोकर येऊन अगदी आदराने म्हणतो, "बाईसाहेब, पाहुण्यांच्या खुर्च्या तिकडं मांडल्यात." इथे कोणी तिचा अपमान केलेला नाही. तरी तिला सगळं समजलं. आईसाहेबांच्या तीन पानी भाषणाऐवजी ही खुर्ची ठेवा.

रणवीरची बाजूही याच प्रसंगात येते. ते म्हातारे वाकतात याची त्याला लाज वाटते का? मला वाटतं त्याला ते आवडतं, आणि आवडतं याची लाज वाटते. तुमच्या आताच्या मसुद्यात तो राजेपणाला पहिल्या भेटीपासून कंटाळलेला आहे. ज्याला मुळात काही नकोच आहे, त्याच्या त्यागाला कोण विचारतो?

आता जातीबद्दल. तुमच्या सारांशात हा शब्द कुठेही नाही. 'सामान्य मुलगी' एवढंच आहे. मराठी वाचक इतका भोळा नाही. सायलीचं आडनाव वाचून त्याने मनात हिशोब केलेला असतो, आणि तुम्ही गप्प बसलात की त्याला वाटतं लेखिका घाबरली. शब्द उच्चारायचा की नाही हे तुमच्यावर, पण पात्रांना तो माहीत आहे हे दिसलं पाहिजे. संस्थानिक म्हणजे शहाण्णव कुळी मराठाच, हे गृहीतही सोडा. सांगली-मिरजेचे पटवर्धन, औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव ब्राह्मण. जंजिऱ्याचे सिद्दी नवाब मुसलमान. आणि आपल्याला सगळ्यात जवळचं जव्हार मुकणे घराण्याचं, म्हणजे महादेव कोळी समाजातलं राज्य. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा होईपर्यंत जव्हार ठाणे जिल्ह्यातच होतं, तरी ठाण्यातल्या माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांना तिथे राजवाडा आहे हे ठाऊक नसतं. रणवीरचं घराणं कोणत्या समाजाचं, यावर आईसाहेबांच्या नकाराची जात, भाषा आणि धार ठरेल. इथे मी तुम्हाला तयार उत्तर देऊ शकत नाही, ते तुमच्या निवडीवर आहे.

'राजरक्त' हा शब्द तुमच्याकडे बऱ्याच वेळा येतो. तो आईसाहेबांच्या तोंडी राहू द्या, पण त्याला टाचणी लावणारं कोणीतरी हवं. मराठी राजघराण्यांचा इतिहास दत्तकांनी भरलेला आहे. सर्वात मोठं उदाहरण बडोद्याचं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातला गोपाळराव नावाचा 12 वर्षांचा मुलगा 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. भाऊबंदकीतलंच होतं घर, पण होतं शेतकऱ्याचं. रणवीरचे पणजोबा असेच कुठल्या तरी वाडीवरून दत्तक आले असतील तर? हे सायलीला वाड्यातल्या कोणी सांगायचं नाही. तिला ते जुन्या कागदात दिसू दे. ती अकाउंट्सवाली आहे, कागद वाचणं हेच तिचं काम. सध्या तिच्या नोकरीचा कथेला काहीही उपयोग नाही. ती शिक्षिका असती तरी एक वाक्य बदललं नसतं.

आणि सायलीकडे तरी गमावण्यासारखं काय आहे? इथे तुम्ही हातातला हुकमाचा पत्ता दडवून ठेवलाय. तुम्ही लिहिलंय की घणसोली तुमचं माहेर. मग हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे उलटंच आहे, पण सांगते. सायली मूळ गावातली आगरी मुलगी आहे. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 मध्ये स्थापन झाली, ठाणे आणि रायगडमधल्या 95 गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या, शेतं आणि मिठागरं गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जानेवारी 1984 मध्ये जासईला गोळीबार होऊन पाच जण गेले, त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हे सायलीच्या आजोबांनी पाहिलेलं आहे. तिच्या घरात अजून एखादा प्लॉट, एखादा फेरफार, एखादं नाव न लागलेलं प्रकरण चालू असणार.

आता दोन्ही घरं शेजारी ठेवा. रणवीरच्या आजोबांची जमीन सरकारने घेतली, सायलीच्या आजोबांचीही घेतली. एकाला तनखा मिळाला आणि 1971 मध्ये बंद झाला. दुसऱ्याला साडेबारा टक्के मिळाले, तेही भांडून. एकाच्या घरात त्या गोष्टीची तसबीर होऊन भिंतीवर लागली, दुसऱ्याच्या घरात फाइल होऊन कपाटात गेली. हे तुमच्या हातात असताना सायलीला 'बिचारी साधी मुलगी' कशाला करता? तिचा बाप वाड्यात जाऊन वाकणार नाही. तो सातबाऱ्याबद्दल विचारेल. रणवीरचे वडील आणि तिचे वडील यांची पहिली भेट संपूर्णपणे जमिनीवर बोलण्यात जाऊ दे, लग्नाचा विषय न काढता. ते प्रकरण मला वाचायला आवडेल.

तिच्या आजीचाही विचार करा. आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवले गाते आणि विधी त्या गाण्यांवर पुढे सरकतात. सायलीची आजी धवलारीण असेल, तर शेवटच्या लग्नाचा प्रश्न एकदम खरा होतो. लग्न कोण लावणार? वाड्याचा राजपुरोहित की घणसोलीची आजी? तुमच्या आताच्या शेवटात वाड्याच्या चौकात मंगलाष्टकं होतात आणि सायलीच्या माणसांना एकही ओळ नाही. आजीच्या तोंडी मी एखादं वाक्य घातलं असतं, "राजा हाय त हाय, भाकर खातो ना?" असं काहीतरी. पण आगरी बोली तुम्हाला माझ्यापेक्षा कैक पटीने बरी येते, तेव्हा तुम्हीच लिहा. आणि प्रमाण मराठीत 'सुधारू' नका.

ठाण्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या मैत्रिणीला पहिला भाग का आवडला याचं उत्तर तिथेच आहे. ठाणे-वाशी गाडीतली गर्दी, घणसोली स्टेशनबाहेरचे रिक्षावाले, तलावपाळीला घोडागाडीच्या वासात खाल्लेली भेळ, हे सगळं तुमचं चांगलं आलंय. पण ते अजून नुसतं ठिकाण आहे. रणवीरच्या दृष्टीने बघा. त्याच्या तालुक्यात तो चहाच्या टपरीवर उभा राहू शकत नाही. टपरीवाला पैसे घेत नाही, बाकडं रिकामं होतं. ठाण्यात त्याला रांगेत ढकलतात. मिसळीसाठी ताटकळत उभं राहावं लागतं, नंबर आला की पोरगा ओरडतो, "दोन माणसं, लवकर!" त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणी 'माणसं' म्हटलंय. सायलीवर त्याचं प्रेम बसतं त्यात या मोकळेपणाचा मोठा वाटा आहे, आणि म्हणूनच तो तिच्यापासून राजेपण लपवतो. फसवण्यासाठी लपवत नाही. तिला कळलं की ठाणंही संपेल, अशी त्याला भीती आहे. हे एकदा लिहिलंत की गुपित फुटण्याचा प्रसंग नुसता धक्का न राहता त्याचं पहिलं खरं नुकसान होतो.

(जाता जाता: ठाणं ही शिलाहारांची राजधानी होती आणि सध्याचं मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यात आहे. रणवीरने जेलच्या तटाकडे बघून काही बोलावं असा मोह होईल. एखादंच वाक्य, त्याहून जास्त नको.)

आतापर्यंतचं थोडक्यात: रणवीर गावातला मान गमावणार, सायली घरच्यांच्या नजरेतला ताठपणा गमावण्याच्या बेतात येणार, आणि दोघांची मोकळी जागा ठाणं आहे. आता मधला पेच.

चुलत्याच्या डावातलं गाडीचे ब्रेक फेल करणं काढून टाका. त्याच्याऐवजी विशेष विवाह कायदा, 1954 वापरा. दोघं ठाण्यात नोंदणी लग्न करायचं ठरवतात. त्यासाठी दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात 30 दिवस वास्तव्य लागतं, ते आहेच. मग नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते, आणि 30 दिवस थांबावं लागतं. एक महिना! प्रेमकथेला याहून चांगलं घड्याळ सरकारने दुसरं दिलेलं नाही. त्या फलकावर रणवीरचं नाव इतर जोडप्यांसारखंच लागतं, कुठलीही पदवी नाही. आणि फलक कोणीही वाचू शकतं. संस्थानाच्या जुन्या कारभाऱ्याचा पुतण्या ठाण्यात वकिली करत असेल, तर बातमी त्याच संध्याकाळी वाड्यावर पोचते. आक्षेप घ्यायला कायद्यातली ठराविक कारणंच चालतात, घराण्याची इज्जत त्यात नाही. म्हणजे वाड्याला कायद्याने काहीच करता येत नाही आणि तरी त्यांच्याकडे महिना आहे. त्या महिन्यात ते काय करतात? धमकी देण्यापेक्षा आईसाहेबांनी घणसोलीला जेवायला येणं जास्त भीतिदायक आहे.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते तुमच्या निवडीनुसार लागू होईल किंवा होणार नाही. हिंदू एकत्र कुटुंबातल्या माणसाने या कायद्याखाली लग्न केलं तर तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असं मानतात. वर-वधू दोघंही हिंदू असतील तर 1976 च्या दुरुस्तीनंतर हे लागत नाही, म्हणजे सायलीच्या बाबतीत प्रश्न नाही. पण नायिका ठाण्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातली असती, तर रणवीरची सही ही कायद्यानेच वाड्याबाहेर पडण्याची सही ठरली असती. सगळं पुन्हा लिहायची तयारी असेल तर ती वेगळीच आणि फार जोरकस कादंबरी आहे. 40 हजार शब्दांनंतर मी तसा आग्रह धरणार नाही. पुढच्या कथेसाठी ठेवा, आणि लिहायच्या आधी एखाद्या वकिलाबरोबर तासभर बसा.

खरं संस्थान की काल्पनिक? काल्पनिक. घराणी हयात आहेत, त्यांच्यातले काही राजकारणात आहेत, काहींचे दावे कोर्टात आहेत. तुमचा चुलता त्यांना आपला वाटला तर नसती कटकट. पण संस्थान काल्पनिक असलं तरी नकाशा खरा ठेवा. जिल्हा, नदी, घाट, एसटीचा डेपो खरा, संस्थान तेवढं तुमचं. आणि आकार आधी ठरवा. जव्हार सुमारे 310 चौरस मैलांचं होतं, सावंतवाडी सुमारे 925. ब्रिटिशांनी दर्जाप्रमाणे ठरवलेली तोफांची सलामी दोन्हींना 9. कोल्हापूरला 19, बडोद्याला 21. तुम्ही रणवीरला 80 खोल्यांचा राजवाडा, हत्तीखाना आणि पोलो ग्राउंड दिलंय. घाटमाथ्यावरच्या तीस-चाळीस गावांच्या संस्थानाला हे परवडलं कसं? लहान संस्थानाचा दोन चौकांचा वाडा घ्या, ज्यात तीन भावांचे तीन वीजमीटर आहेत आणि दरबार हॉलमध्ये वर्षातून एकदा शाळेचं स्नेहसंमेलन भरतं. सायली आत शिरताना पहिल्यांदा मीटर मोजेल. अकाउंट्सवालीच ती.

पोशाखी घराण्यांपेक्षा विचित्र घराणी शोधा, तपशील तिथे मिळतो. औंधच्या राजांनी 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना देऊन टाकली. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवण्याची कला राजघराण्याने जगवली. अशा एखाद्या नादाचा आधार घेऊन आईसाहेबांना काहीतरी काम द्या. आत्ता त्या फक्त जिन्यावरून उतरतात.

प्रसिद्धीचं तुम्ही ठरवलेलं नाही, म्हणून दोन्ही शक्यता. भाग पाडून ऑनलाइन टाकणार असाल तर दर भागाच्या शेवटी वाचकाला काहीतरी अडकलेलं हवं. नोटिशीचा महिना तिथे छान चालेल, आठवडा-आठवडा करून. पुस्तक काढणार असाल तर राजेपण उघड होण्याचा प्रसंग अर्ध्यावर न ठेवता पहिल्या एक-तृतीयांशात ओढा, कारण पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या मजकुरात प्रकाशक ते सांगूनच टाकणार आहे. वाचकाला पान 1 पासून माहीत असलेली गोष्ट सायलीला पान 150 ला कळली, तर वाचक तिला बावळट समजतो.

वाचायचं काय? आत्मचरित्रं नंतर. आधी ब्रिटिशकालीन मुंबई इलाख्याची गॅझेटिअर्स चाळा. ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या खंडात जव्हारवर मजकूर आहे, सावंतवाडी रत्नागिरीबरोबरच्या 1880 च्या खंडात आहे, कोल्हापूरचा स्वतंत्र खंड 1886 चा. पिकं, महसूल, जत्रा, कोण कोणाकडे मुलगी देत नाही, सगळं रुक्षपणे लिहिलेलं आहे आणि म्हणून कामाचं आहे. नौपाड्याकडे येणं झालं तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, तिथे बसून जुनी संस्थानी चरित्रं बघता येतील.

पण हे वाचायच्या आधी, याच आठवड्यात, दसऱ्याचं प्रकरण आणि दोन्ही वडिलांच्या भेटीचं प्रकरण अशी दोनच लिहून काढा. वाड्यातली बाकी सगळी पानं तोवर बंद ठेवा. ती दोन जमली तर उरलेल्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे तुम्हाला आपोआप दिसेल. चुलत्याचा आणि ब्रेकचा अख्खा भाग बहुतेक टाकण्यातच जाईल.